खव्याचा पहारेकरी

(धाराशिव जिल्हा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खवा चविष्ट असतो, पण तो लवकर खराब होतो. तो का खराब होतो, त्याला कसे सांभाळतात आणि जंतूंना अडवणारी नवी आवरणे काय काम करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ईदच्या दिवशी घरात शीरखुर्मा होतो. पुष्कळ घरी त्यात खवा घालतात. लग्नाच्या जेवणात गुलाबजाम असतात. परीक्षेत पास झाल्यावर आपण पेढे वाटतो. थंडीत गाजराचा हलवा होतो. या सर्व पदार्थांत खवा असतो. उर्दूत तुम्ही त्याला खोया म्हणता. हा खवा कोठून येतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

महाराष्ट्रात खव्याचे नाव निघाले, की धाराशिव जिल्ह्याचे नाव निघते. हा जिल्हा पूर्वी उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. २०२३ साली त्याचे नाव धाराशिव झाले. या जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या आहेत. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन धर्मीयांचे तीर्थक्षेत्र आहे. तेथील खवा व पेढा दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. २०२४ साली कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या खव्याचे नाते या भूमीशी आहे, हे सरकारदरबारी मान्य झाले.

हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा आहे. येथे पाऊस कमी पडतो आणि पडला तरी त्याचा भरवसा नसतो. एखाद्या वर्षी पीक येते, एखाद्या वर्षी बियाण्याचे पैसेही निघत नाहीत. म्हणून शेतकरी शेतीबरोबर गाई-म्हशी पाळतो. पिकाचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो, दुधाचा पैसा रोज येतो. या पैशातून घरचे मीठ-मिरची येते आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही भागतो.

परंतु दुधाची एक मोठी अडचण आहे. ते काही तासांतच नासते. शहर दूर असेल आणि दूध थंड ठेवण्याची सोय नसेल, तर काय करावे? आपल्या लोकांनी यावर एक उपाय फार पूर्वी शोधला. दूध मोठ्या कढईत उकळायचे, सारखे हलवत राहायचे आणि त्यातील पाणी आटवून टाकायचे. शेवटी कढईत घट्ट, मऊ गोळा उरतो. तोच खवा. म्हशीचे सुमारे पाच लिटर दूध आटवले, की एक किलो खवा मिळतो. खवा म्हणजे केवळ मिठाईचा माल नव्हे. खवा म्हणजे दूध टिकवण्याची एक जुनी युक्ती आहे.

मात्र ही युक्ती अपुरी आहे. दूध तासांत नासते, तर खवा दिवसांत खराब होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत साधा खवा बाहेर ठेवला, तर चार-पाच दिवसांतच त्याला आंबूस वास येऊ लागतो. कधी त्यावर हिरवट बुरशी दिसते. पेढा त्यापेक्षा जास्त दिवस टिकतो, कारण त्यात साखर असते. साखर पदार्थातील पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते पाणी मिळत नाही.

समजा, तुमच्या एका वर्गमित्राच्या घरी खव्याची भट्टी आहे. त्याच्या वडिलांनी पन्नास किलो खवा शहरात पाठवला. वाटेत गाडी बंद पडली. दोन दिवसांनी दुकानदाराने पिशवी उघडली, तर खव्यावर बुरशी! सगळा माल परत आला. एक किलो खवा फेकला, म्हणजे पाच लिटर दूध फेकले. पन्नास किलो खवा म्हणजे अडीचशे लिटर दूध झाले. त्या दुधामागे कितीतरी घरांची पहाटेची मेहनत असते. वैरण, पाणी, सरपण आणि भट्टीवरच्या मजुरांची मजुरी, सारे मातीत गेले.

पण याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. समजा, एखाद्याने तो खवा फेकलाच नाही. वरची बुरशी खरवडून काढली आणि उरलेला खवा विकला, तर काय होईल? तो खवा कोणाच्या तरी घरी जाईल. एखादे लहान मूल तो खाईल आणि आजारी पडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एक अंदाज जाहीर केला. त्यानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक मरतात. मरणाऱ्यांत सव्वा लाख मुले पाच वर्षांच्या आतील असतात. म्हणून अन्न टिकवणे हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. तो जिवाचाही प्रश्न आहे.

आता खवा खराब का होतो, ते पाहू. दूध बराच वेळ उकळल्यामुळे त्यातील बहुतेक जंतू मरतात. कढईतून नुकताच काढलेला खवा बराच शुद्ध असतो. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. न धुतलेले हात, ओले फडके, अस्वच्छ परात, उघड्यावरची धूळ आणि माश्या यांच्यामार्फत जंतू खव्यावर येऊन बसतात. तेथे त्यांना ओलावा मिळतो, ऊब मिळते आणि पौष्टिक खाद्य मिळते. मग त्यांना आणखी काय हवे?

जंतू किती झपाट्याने वाढतात, याचे एक गणित करून पाहा. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. एका जंतूचे वीस मिनिटांनी दोन, चाळीस मिनिटांनी चार आणि एका तासाने आठ जंतू होतात. सात तासांनी किती होतील? वीस लाखांपेक्षा जास्त! सकाळी एक जंतू बसला, तर दुपारपर्यंत एवढी फौज उभी राहते. शिवाय काही जंतू विष तयार करतात. हाताच्या त्वचेवर व नाकात राहणारे काही जंतू असे विष तयार करतात, की ते पदार्थ पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून “पुन्हा गरम करू, म्हणजे झाले” असे म्हणून चालत नाही.

जंतूंपासून अन्न वाचवण्याचे उपाय आपल्या घरातही आहेत. आई उन्हात पापड व सांडगे वाळवते, तेव्हा ती पाणी काढून टाकते. लोणच्यात मीठ, तेल आणि मोहरी घालते, तेव्हा ती जंतूंची वाट बंद करते. फ्रीजमध्ये दूध ठेवते, तेव्हा ती जंतूंची वाढ मंद करते. यांशिवाय आणखी एक उपाय आहे. तो म्हणजे आवरण. अन्न कशात गुंडाळावे, हाही एक शास्त्राचा विषय आहे.

पूर्वी पळसाची, केळीची पाने वापरत. मग कागद आला. पुष्कळ लोक खाण्याचे पदार्थ जुन्या वर्तमानपत्रात बांधून देतात. हे फार चुकीचे आहे. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये तेलकट पदार्थात उतरतात. २०१८ सालच्या अन्न आवेष्टनाच्या नियमांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास किंवा साठवण्यास मनाई आहे. पुढे प्लॅस्टिक आले. आज दुधाची पिशवी ज्या पॉलिथिनची असते, त्या पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये लागला.

प्लॅस्टिकचा पातळ पडदा भिंतीसारखा असतो. तो बाहेरची धूळ, माशी आणि ओल आत येऊ देत नाही. पण घराची दारे बंद करण्यापूर्वीच चोर आत शिरला असेल, तर भिंतीचा काय उपयोग? पिशवी बंद करतानाच खव्यावर जंतू असतील, तर ते आत बसून आरामात वाढतात. खवा गरम असतानाच पिशवीत भरला, तर वाफेचे थेंब आतल्या बाजूला जमतात. त्या ओलीवर बुरशी आणखी लवकर येते.

म्हणून शास्त्रज्ञांनी असा विचार केला, की आवरणाने नुसते भिंतीसारखे उभे राहू नये. त्याने पहारेकऱ्यासारखे काम करावे. यातून जंतुरोधक आवरण तयार झाले. या आवरणाच्या पडद्यात किंवा त्याच्या आतल्या बाजूवर असा पदार्थ घालतात, की तो जंतूंना मारतो किंवा त्यांची वाढ थांबवतो.

असे पदार्थ अनेक आहेत. त्यांतील काही तर तुमच्या ओळखीचे आहेत. लवंग आणि दालचिनी यांच्या तेलांत जंतूंना रोखण्याची शक्ती असते. मोहरी वाटल्यावर नाकाला झोंबणारा जो वास येतो, त्यामागील द्रव्यही जंतूंना व बुरशीला सोसत नाही. जपानमध्ये या द्रव्याचा उपयोग अन्नाच्या आवरणात केला गेला आहे. दुधात वाढणारा एक निरुपद्रवी जिवाणू निसिन नावाचे द्रव्य तयार करतो. ते इतर काही घातक जिवाणूंना मारते. निसिनचा शोध १९२८ साली लागला आणि अन्नात वापरण्यासाठी १९६९ साली त्याला जागतिक तज्ज्ञ समितीची मान्यता मिळाली. पण निसिन बुरशीला अडवत नाही. बुरशीसाठी सॉर्बेटसारखे दुसरे द्रव्य लागते. चांदीचे अतिसूक्ष्म कणही जंतूंना रोखतात. कोळंबीच्या आणि खेकड्यांच्या कवचापासून कायटोसान नावाचा पदार्थ करतात. त्याचा पातळ पडदा बनतो आणि तो स्वतःच जंतूंना अडवतो.

तुम्ही विचाराल, “हे द्रव्य सरळ खव्यातच का मिसळू नये?” प्रश्न योग्य आहे. खव्यात मिसळलेले द्रव्य सगळ्या गोळ्यात पसरते. त्यामुळे ते जास्त घालावे लागते आणि आपल्या पोटातही जास्त जाते. बुरशी तर बहुधा खव्याच्या वरच्या भागावरच वाढते. जंतुरोधक पडदा नेमका याच भागाला चिकटून असतो. त्यातून द्रव्य हळूहळू, थोडे थोडे बाहेर येते. जेथे शत्रू आहे, तेथेच पहारा बसतो. म्हणून थोड्या द्रव्यात काम होते. आपल्या देशातील संशोधकांनी पनीर, खवा यांसारख्या दुग्धपदार्थांवर अशा आवरणांचे प्रयोग केले आहेत.

आवरण खरोखर काम करते की नाही, हे कसे ओळखतात? प्रयोगशाळेत काचेच्या चपट्या बशीत जेलीसारखे खाद्य ओततात. त्यावर जंतू पसरवतात आणि मध्यभागी आवरणाचा छोटा गोल तुकडा ठेवतात. बशी एक दिवस उबदार जागी ठेवली, की सगळीकडे जंतूंचा पांढुरका थर दिसू लागतो. आवरण गुणकारी असेल, तर तुकड्याभोवती एक स्वच्छ कडे राहते. त्या कड्यात जंतू वाढलेले नसतात. कडे जितके रुंद, तितका त्या द्रव्याचा प्रभाव दूरवर पोहोचलेला असतो. जी द्रव्ये आवरणातून बाहेर पडत नाहीत, त्यांची परीक्षा मात्र वेगळ्या रीतीने घ्यावी लागते.

मित्रांनो, हे सारे वाचून तुम्हांला वाटेल, की आता सर्व अडचणी संपल्या. पण तसे नाही. या पहारेकऱ्याच्याही मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा अशी, की पडदा जेथे अन्नाला टेकतो, तेथेच तो चांगले काम करतो. गोळ्याच्या पोटात शिरलेल्या जंतूंपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. वास पसरवणारी मोहरीसारखी द्रव्ये थोडी दूरवर काम करतात, पण त्यांचा वास पदार्थाला लागतो. मोहरीच्या वासाचा पेढा कोणाला आवडेल?

दुसरी मर्यादा खर्चाची आहे. साध्या पिशवीपेक्षा असे आवरण महाग पडते. गावातील छोट्या भट्टीवाल्याला ते परवडले पाहिजे.

तिसरी गोष्ट परवानगीची. आवरणातून अन्नात उतरणारे प्रत्येक द्रव्य खाण्यास सुरक्षित असले पाहिजे आणि त्याला कायद्याची मान्यता असली पाहिजे.

चौथी गोष्ट विश्वासाची. कुंथलगिरी हे जैनांचे तीर्थस्थान आहे. तेथील पेढा कोळंबीच्या कवचापासून केलेल्या पडद्यात गुंडाळला, तर भाविकांना तो चालेल का? तुम्हीही एखादा पदार्थ घेताना तो हलाल आहे ना, हे पाहता. प्रत्येकाला आपण काय खातो, हे जाणून घेण्याचा हक्क आहे. म्हणून आवरण कशापासून केले आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र वेगळी आहे. पहारेकरी चांगल्या मालाचे रक्षण करतो. तो खराब मालाला चांगले करत नाही. अस्वच्छ हातांनी केलेला, भेसळ केलेला किंवा आधीच आंबलेला खवा कितीही भारी आवरणात गुंडाळा, तो खराबच राहील. उलट, चकाकणारे आवरण पाहून लोक फसतील. आधी स्वच्छता, मग थंडावा आणि शेवटी आवरण, हा क्रम कधीही बदलू नये. भट्टीवर काम करणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. परात कोरडी व स्वच्छ असावी. खवा झाकून निववावा, लगेच भरावा आणि थंड जागी ठेवावा. या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, सवय लागते.

आपणही काही गोष्टी करू शकतो. धाराशिवला हजरत ख्वाजा शम्सुद्दीन गाझी यांचा उरूस भरतो. तुळजापूरला नवरात्राची यात्रा भरते. अशा वेळी मिठाईची दुकाने गजबजलेली असतात. गर्दीत घाई करू नका. मिठाई झाकलेली आहे का, ते पाहा. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईजवळही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी, हे लिहिणे दुकानदाराला बंधनकारक झाले. ती तारीख वाचा. बंद पाकिटावर तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो, तोही पाहा. वर्तमानपत्रात बांधलेली मिठाई घेऊ नका. बुरशी आलेला पदार्थ खरवडून खाऊ नका. फुगलेली पिशवी दिसली, तर ती दुकानदाराला परत करा.

कदाचित उद्या तुमच्यापैकीच कोणी अन्नशास्त्राचा अभ्यास करील. मोहरीचा वास न लागणारे, स्वस्त आणि मातीत सहज मिसळून जाणारे आवरण तो किंवा ती तयार करील. मग भूमच्या भट्टीतला खवा न बिघडता दूरच्या गावाला पोहोचेल. तोपर्यंत एक पहारेकरी आपल्या सर्वांच्या घरी आहे. तो म्हणजे धुतलेला हात. त्याला कधीही सुट्टी देऊ नका.

शब्दार्थ

आवरण – वरचे वेष्टन, गिलाफ
आवेष्टन – पदार्थ बांधणे किंवा गुंडाळणे
भट्टी – मोठी चूल. खवा करण्याची जागा
आटवणे – उकळून पाणी कमी करणे
नासणे – खराब होणे, फाटणे (दूध)
बुरशी – शिळ्या, ओल्या पदार्थावर येणारा हिरवा-पांढरा थर, फफूंद
जंतुरोधक – जंतूंना अडवणारे
निववणे – थंड होऊ देणे
सरपण – जळणाची लाकडे
वैरण – जनावरांचा चारा
भेसळ – मिलावट
बंधनकारक – लाजमी
पहारेकरी – चौकीदार

वाक्प्रचार

मातीत जाणे – वाया जाणे
भरवसा नसणे – खात्री नसणे
फौज उभी राहणे – खूप मोठी संख्या जमणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धाराशिव जिल्ह्यातील कोणत्या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्या आहेत?
(आ) एक किलो खव्यासाठी म्हशीचे सुमारे किती दूध लागते?
(इ) पेढा खव्यापेक्षा जास्त दिवस का टिकतो?
(ई) अन्न वर्तमानपत्रात का बांधू नये?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि जंतुरोधक आवरण यांत काय फरक आहे?
(आ) जंतुरोधक द्रव्य खव्यात न मिसळता आवरणात का घालतात?
(इ) ‘पहारेकरी खराब मालाला चांगले करत नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) निसिनचा शोध ______ साली लागला.
(आ) कोळंबीच्या कवचापासून ______ नावाचा पदार्थ करतात.
(इ) आधी स्वच्छता, मग ______ आणि शेवटी आवरण.

४. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूत सारखे किंवा जवळचे आहेत. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
कागद, तारीख, मजूर, जिल्हा, दुकानदार, फौज.

५. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) खवा लवकर खराब होतो. (भूतकाळ करा.)
(आ) दुकानदाराने पिशवी उघडली. (भविष्यकाळ करा.)
(इ) आपण तारीख वाचतो. (आज्ञार्थी करा.)

६. उपक्रम
झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत पावाचा एक तुकडा ठेवा. पहिल्या बरणीतील तुकड्याला न धुतलेला हात लावा. दुसऱ्या बरणीतील तुकडा स्वच्छ चिमट्याने ठेवा. तिसऱ्या बरणीतही तुकडा चिमट्यानेच ठेवा आणि शेजारी एका झाकणात ओली मोहरीची पूड ठेवा. झाकणे लावा आणि आठ दिवस रोज बाहेरूनच पाहा. कोणत्या तुकड्यावर बुरशी आधी आली, ते वहीत मराठीत लिहा. बरण्या मुलांनी उघडू नयेत. प्रयोग संपल्यावर त्या शिक्षकांकडे द्या.